तसबीच्या गवताला कणीस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, पाठच्या बहिणीला नाही, लेकीसुनांना तर नाहीच. तसं त्यात सांगण्यासारखं काय आहे म्हणा — परसातलं गवत उपटलं, एवढीच तर गोष्ट. कुणी मेलं नाही, कुणाचं घर जळलं नाही. तुम्ही म्हणाल, म्हातारीला चळ लागला. लागू दे. पण हे पोटात ठेवून ठेवून मला कंटाळा आलाय, आणि सांगायचं तर पहिल्यापासूनच सांगायला हवं — नाहीतर मी मधलं गाळीन. मला गाळायची सवय आहे.

लढाईची वर्षं होती. आमचे हे मिलिटरीच्या स्टोअरात कारकून लागले आणि मी पाथर्डीकडच्या खेड्यातून भिंगारला बिऱ्हाड करायला आले. एका बैठ्या घराचे दोन भाग, मागं सामाईक परस. एका भागात आम्ही दोघं. दुसऱ्यात हलीमाबी आणि तिची नवी सून जुलेखा. हलीमाबीचा मुलगा दाऊद लष्करात लॉरी चालवायचा. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत त्याला ब्रह्मदेशाच्या बाजूला पाठवलं, त्यामुळे घरात सासू-सून दोघीच होत्या.

मी माळ्याची लेक. कुठलं रोप कोवळं असताना कसं दिसतं, हे मला कुणी शिकवलं नाही — खुरपं धरता यायच्या आधीपासून ते मला कळत होतं. भिंगारच्या बायका माझ्या बोलण्याला हसायच्या. वाण्याच्या दुकानात एकदा 'लई महाग हाय' म्हणाले, तर आठवडाभर माझी नक्कल चालली होती. पण कुणाचा कढीपत्ता धरेना, कुणाच्या मोगऱ्याला कळी येईना, की त्याच बायका माझ्या दारात. 'गोदा, जरा बघ गं.' हे ऐकायला मला किती आवडायचं, तुम्हाला काय सांगू! त्या गावात माझ्यापाशी तेवढं एकच होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. — नाही, सबब म्हणूनच सांगत होते, बघा. सोडा ते.

माझ्या बोलण्याला न हसणारी एकटी जुलेखाच. नगरच्या रंगाऱ्याची मुलगी, शहरात वाढलेली. जमिनीतून काय आणि कसं उगवतं ते तिला ठाऊक नव्हतं, भाजी तिनं पाहिलेली ती टोपलीतच. माझं 'लई' तिला इतकं आवडलं की तीच बोलायला लागली — 'गोदा, आज लई उकडतंय गं!' सासूच्या कानावर गेलं तर सासू रागवायची, मग ती माझ्याकडं बघून डोळे मिचकावायची. दुपारी आम्ही मागच्या पायरीवर बसायचो. मी तिला गवारी मोडायला द्यायची, ती मला दाऊदच्या गोष्टी सांगायची. अशी मैत्रीण मला तिच्याआधी नव्हती. नंतरही झाली नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

आता गवताचं. हलीमाबी परसात मोरीच्या पाण्यावर दरसाल एक गवत लावायची. दिसायला कोवळ्या ज्वारीसारखं, पण त्याला कणीस येत नाही — मणी येतात. खरंच मणी. टणक, गुळगुळीत, राखी-पांढरे, आणि देवानंच भोक पाडून ठेवलेले. नुसती सुई घालायची आणि ओवायचे. त्याची ती तसबी करायची — त्यांची जपमाळ. आम्ही सगळे त्याला तसबीचं गवतच म्हणायचो. पावसाळ्यात येतं, दिवाळीच्या सुमाराला वाळून जातं, मूठभर मणी बियाण्याला ठेवायचे की पुढच्या साली परत.

आणि त्या घरात एक रीत होती. नवी सून आली की तिच्या पहिल्या पावसाळ्यात सासूनं घरच्या गवताचे मणी ओवून तिला तसबी द्यायची. हलीमाबीला तिच्या सासूनं दिली होती, त्या सासूला तिच्या सासूनं. बियाणंही तेच, पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. त्या वर्षी पाळी जुलेखाची होती. आदल्या साली पाणी कमी पडून पीक बेताचंच आलेलं, म्हणून हलीमाबीनं जेवढं बी होतं तेवढं सगळं लावून टाकलं. बोटानं भोकं पाडून, एकेक दाणा, तोंडानं काहीतरी पुटपुटत. मी ओट्यावरून बघत होते. बघत होते — आणि तरीही.

दाणे लावले आणि देवळाली प्रवऱ्याहून सांगावा आला की तिच्या मुलीचे दिवस भरत आलेत. म्हातारी बाळंतपणाला निघाली. टांग्यात चढताना सुनेला म्हणाली, 'तण काढत जा. माझं गवत तेवढं जप.' जुलेखानं मान डोलावली. ती बिचारी थंडीत लग्न होऊन आलेली, ते गवत कोवळं असताना कसं दिसतं हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मी तर उन्हाळ्यात आलेली.

पाऊस झाला, परस हिरवागार झाला. आघाडा, केना, काय काय. आणि एक गंमत झाली — त्याच ओट्यावर हलीमाबी ज्वारी पाखडायची, त्यातले दाणे खाली सांडून तेही उगवले. म्हणजे एकाच जागेत ज्वारीही उभी आणि तसबीचं गवतही उभं. पानं सारखीच, मधली शीर सारखीच. एका दुपारी जुलेखा मला म्हणाली, 'गोदा, यातलं तण कुठलं आणि अम्मांचं गवत कुठलं? तूच सांग बाई, मला सगळं एकच दिसतं.'

सांगायला हवं होतं की मलाही ठाऊक नाही. किती सोपं होतं! 'मला न्हाई ठाव, सासूला येऊ दे' — झालं. पण माळ्याच्या लेकीनं असं म्हणायचं? मी खाली वाकले, पानाची धार बोटानं पाहिली, उगाच वास घेतला. नुसता थाट. मला दिसलं ते असं — काही रोपं एका ताटाची, सरळ, नेटकी. आणि काहींना बुडातून चार-चार फुटवे, पसरलेली, गवताळ. आमच्या रानात जे असं बुडातून फुटतं ते तण. आणि नेटकं रोप तर मला ज्वारीसारखंच दिसत होतं, ज्वारीच होती ती! ती उपटायला माझा हात धजेना. महागाई, रेशन, आणि ज्वारीचं रोप मुळासकट काढून फेकायचं? आमच्याकडं असं कुणी करत नाही. मनात म्हटलं, तसबीचं गवत ज्वारीसारखं दिसतं म्हणतात ना, मग हेच ते असणार.

'हे ठिवायचं, हे काढायचं,' मी म्हणाले. आणि नुसतं म्हणून थांबले नाही. तिला नखं मोडायची भीती वाटत होती. मी पदर खोचला आणि स्वतःच बसले. बुडाशी धरायचं, जरा हलवायचं, ओढायचं — माझा हात लई चालतो. तिनं दोन-चार रोपं काढली असतील नसतील. बाकी सगळं मी काढलं. उपटून ढीग केला आणि शेजारच्या शेळीला घातला. जुलेखा म्हणाली, 'तू होतीस म्हणून गं.' मला तेव्हा किती बरं वाटलं होतं.

इथवर चूक होती. चुकीला कोण काय म्हणणार?

गणपती होऊन गेल्यावर हलीमाबी परत आली. टांग्यातून उतरली ती सरळ मागं गेली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, तिला धड दिसायचं नाही. ज्वारी कमरेला लागलेली. तिनं पानांवरून हात फिरवला, म्हणाली, 'माशाल्ला, यंदा चांगलाच जोर धरलाय.' सुनेच्या पाठीवर थाप मारली. जुलेखाचा चेहरा असा उजळला! मीही हसले.

मग संध्याकाळी म्हातारीनं तिची स्वतःची तसबी आणून मला दाखवली. मणी वापरून वापरून पिवळसर झालेले. कौतुकानं सांगायला लागली — हे गवत कसं चिवट, एका दाण्याला बुडातून कसे पाच-सहा फुटवे येतात... मला पुढचं ऐकूच आलं नाही. बुडातून फुटवे. मी काय उपटून शेळीला घातलं ते मला त्या घडीला कळलं.

म्हणजे मला कळलं होतं. कणसं येण्याच्या कितीतरी आधी. हे मी नेहमी गाळते — स्वतःशी आठवतानासुद्धा गाळते. मला वाटतं की सगळं अचानक झालं, मी गडबडले, तोंडातून निघून गेलं. अचानक कसलं? मी रोज सकाळी मोरीवर भांडी घासायला बसायची आणि समोर ती ज्वारी वाढताना बघायची. रोज वाटायचं, आज सांगते. जुलेखाला तरी सांगते. ती मात्र रोज त्या ज्वारीला पाणी घालायची. एकदा मला म्हणाली, माझ्या तसबीला मी हिरवा गोंडा लावणार, नगरहून रेशीम मागवलंय. मी म्हटलं, लाव की. आता तुम्हीच सांगा, ही गडबड म्हणायची की काय म्हणायचं?

दसऱ्याच्या आधी कणसं बाहेर पडली. पाणी भरायला आलेल्या एका बाईनं पहिल्यांदा पाहिलं आणि ओरडलीच — 'अगं बया! तसबीच्या गवताला कणीस आलं!' दहा मिनिटांत आळीतल्या बायका परसात. हसण्याचा नुसता कल्लोळ. कुणी म्हणतंय, आता भाकरीवर जप करा. हलीमाबी बाहेर आली. तिनं कणीस हातात धरलं, बोटांनी चाचपलं, वरपासून खालपर्यंत. हसणाऱ्या बायका हळूहळू गप्प झाल्या. म्हातारी खाली बसली आणि मातीत हात फिरवून दुसरं काही आहे का शोधायला लागली. काही नव्हतं. मी काम चोख केलं होतं.

'कुणी काढलं?' तिनं विचारलं. रागानं नाही, नुसतं विचारलं.

जुलेखा म्हणाली, 'अम्मा, मला ओळखू येईना. गोदाला विचारलं. तिनं दाखवलं, तसं काढलं.' बघा, तेव्हाही ती असं म्हणाली नाही की गोदानं उपटलं. 'काढलं' म्हणाली. अर्धं स्वतःवर घेतलं.

सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. वाण्याच्या दुकानातली नक्कल करणारीही त्यात होती — तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेलेला मला आजही दिसतो. माळ्याची लेक! ज्वारी ओळखू आली नाही! किती वर्षं पुरलं असतं त्यांना हसायला? आणि मी म्हणाले —

'मी? मी कशाला सांगू? तिनं मला इचारलं बी न्हाई.'

झालं. हे ते. एवढंच बोलले. आवाजसुद्धा हलला नाही.

जुलेखानं माझ्याकडं पाहिलं. तिला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. खरंच, ती जराशी हसली — आणि मी हसेना म्हटल्यावर तिचं हसू तसंच अर्धवट राहिलं. 'गोदा, असं नको ना बोलू,' एवढंच म्हणाली. मी भांडी उचलली आणि घरात गेले. भांडी अजून खरकटीच होती.

हलीमाबी वाईट बाई नव्हती. गवताचं तिनं सोसलं. बियाणं संपलं, तिच्यापाशी मणी उरले ते तिच्या स्वतःच्या तसबीतले, जुने, झिजलेले, ते काही रुजणारे नव्हते — तेही तिनं सोसलं. पण सून खोटं बोलली आणि वर शेजारणीवर आळ घेतला, हे तिला सोसेना. तिचं म्हणणं साधं होतं. गोदाची माफी माग, मग माझ्या मनात काही नाही. जुलेखा म्हणायची, मी खोटं बोललेच नाही, माफी कसली मागू? भिंत एकच होती मधे. मला सगळं ऐकू यायचं. म्हातारीनं तिच्या हातचं खाणं सोडलं. स्वतः वेगळी चूल मांडली, दिसत नसताना चटके खात भाकरी थापायला लागली. मग एके दिवशी जुलेखाचा भाऊ टांगा घेऊन आला आणि तिला नगरला घेऊन गेला. ट्रंक घेऊन गेली ती. माझ्या दारावरून गेली. मी कडी लावून आत उभी होते.

ती गेल्यावर बायका मला येऊन म्हणायच्या, कशी गं पोर, तुझ्या जिवावर उठली. मी म्हणायची, असू दे, लहान आहे. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान होती.

थंडीत दाऊद रजेवर आला. थोड्या दिवसांची रजा, परत लढाईवरच जायचं. घरी बघतो तर बायको माहेरी, आई चुलीपाशी हात भाजून घेतलेली. तो आमच्या दारात आला. उंबऱ्याबाहेर उभा, नजर खाली. म्हणाला, 'वहिनी, तुम्हाला तसदी देतो. एकच विचारायचंय. ती म्हणते तुम्ही सांगितलं होतं. तुम्ही नाही म्हणालात तर मी तिला समजावून आणीन. हो म्हणालात तर आईला समजावीन. तुमच्यावर कुणाचा राग राहणार नाही, मी जबान देतो. मला फक्त दोघींना एका घरात ठेवून जायचंय.'

याहून सोपं कुणी काय करून देईल? दार उघडून दिलं होतं त्यानं मला. बायका नव्हत्या, हसणारं कुणी नव्हतं. पण आमचे हे खाटेवर बसले होते. ते म्हणाले, 'दाऊदभाई, गोदाला मी ओळखतो. जीव गेला तरी ती खोटं बोलायची नाही.' मोठ्या अभिमानानं म्हणाले हो. लग्न झाल्यापासून माझ्याबद्दल त्यांनी चारचौघांत असं काही म्हटलेलं ते पहिल्यांदाच.

मी म्हणाले, 'न्हाई. मी न्हाई सांगितलं.'

'बरं,' तो म्हणाला. 'माफ करा वहिनी.' आणि गेला.

पुढं ते कुटुंब लढाई संपल्यावर नगरात राहायला गेलं. दाऊद सुखरूप परत आला होता, एवढं मला माहीत आहे. त्यानंतरचं काही ठाऊक नाही. जुलेखा आज आहे की नाही, तेही नाही. मी शोधलं नाही. भिंगारहून नगर ते केवढंसं लांब — पण मी शोधलं नाही. आणि माझ्याकडं बायका शेवटपर्यंत रोपं दाखवायला येत राहिल्या. मी त्यांना सांगत राहिले.

पण एक राहिलंय. ते सांगितल्याशिवाय हे संपणार नाही.

दाऊदची रजा संपायच्या आदल्या दिवशी टांगा थांबला आणि जुलेखा उतरली. वाळली होती. त्यानं तिला काय सांगितलं कोण जाणे — की काहीच सांगितलं नाही आणि तिचं तिनंच ठरवलं? उद्या नवरा लढाईवर चाललाय, घरात भांडण ठेवून त्याला कसं पाठवायचं, असंच काहीतरी असणार. मला खरंच ठाऊक नाही. ती घरात गेलीच नाही. सरळ आमच्या दाराशी आली. मागं हलीमाबी, दाऊद, आळीतल्या चार बायका. मी तांदूळ निवडत होते, सूप मांडीवर.

ती माझ्यापुढं उभी राहिली आणि स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'गोदाताई, माझं चुकलं. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं. मला माफ करा.'

'गोदाताई' म्हणाली. 'तुम्ही' म्हणाली. त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

माझ्याकडं बघत होती ती. रडत नव्हती. त्या सगळ्या माणसांत खरं काय ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं, आणि तिचं घरात परत जाणं माझ्या एका शब्दावर अडलेलं होतं. अजूनही बोलता आलं असतं मला. मी सूप खाली ठेवलं. उठले. तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला — तिचं अंग लाकडासारखं ताठ होतं — आणि म्हणाले, 'जाऊ दे गं. मनात ठिवू नगस. मी तुला कवाच माफ केलंय.'

हलीमाबीनं डोळे पुसले. बायकांना म्हणाली, 'बघा, गोदाचं मन किती मोठं आहे.'

मी तेही ऐकून घेतलं.